वनमालाबाईंचा सत्कार

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वनमाला परब यांचा प्लग-सॉकेट बनवण्याचा कारखाना आहे. नवरा, लवू, वारला तेव्हा तिथे चार कामगार होते. आज साठ आहेत. गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी त्या जवळच्या शाळेत दहावी-बारावीच्या मुलींना फुकट शिकवतात. आयटीआयचा अर्ज कसा भरायचा, मुलाखतीत पगार कसा विचारायचा, कुठल्या कामाला किती वर्षं शिकावं लागतं. त्याच वर्गातून गेलेली मनाली आज लिफ्ट दुरुस्त करते.

महिला दिनाला सेक्टरच्या रहिवासी संघाने या कामासाठी वनमालाबाईंचा सत्कार ठेवला. पाहुण्या म्हणून एक डॉक्टरीणबाई आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाही येणार होत्या. संघाचे अध्यक्ष विद्याधर सामंत. त्यांच्या मुलाशी, हर्षदशी, मनालीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. म्हणून तबक मनालीच्याच हाती दिलं.

हॉलमागच्या खोलीत ती नारळ मांडत होती, तेव्हा होणाऱ्या सासूबाई, गार्गीताई, जवळ आल्या.

"हे बघ, डॉक्टरीणबाई आणि मुख्याध्यापिकांना हळदीकुंकू लाव, ओटी भर. वनमालाबाईंना नुसती शाल आणि नारळ."

"काकू, पण सत्कार त्यांचाच आहे ना?"

"करतोच आहोत की सत्कार! मी नाही गं मानत यातलं काही. पण घरात लग्न आहे, चार बायका बघणार."

"त्यांच्यामुळेच मला..."

"आतापासूनच उलट बोलणार का?" गार्गीताई हसत म्हणाल्या आणि मनालीचा पदर सारखा करून गेल्या.

व्यासपीठावर तिघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. "बाईंनी आपल्या मुलींना पंख दिले!" विद्याधर माइकवरून सांगत होते. टाळ्या पडत होत्या. मनालीने डॉक्टरीणबाईंना कुंकू लावलं, मुख्याध्यापिकांना लावलं. ती समोर आली तशी वनमालाबाईंनी नकळत मान थोडी पुढे केली. मनालीचं बोट कुंकवाच्या करंड्यापर्यंत गेलं. पहिल्या रांगेत गार्गीताई बसल्या होत्या. मनालीने बोट मागे घेतलं आणि शाल उचलली.

पुढे झालेली मान क्षणभर तशीच राहिली. मग बाईंनी चष्मा सारखा केला. भाषणात त्यांनी आयटीआयच्या प्रवेशाची माहिती सांगितली आणि त्या खाली बसल्या.

रविवारी वर्ग सुटल्यावर मनाली शाळेच्या दारात उभी होती.

"मॅडम, सॉरी. मी घाबरले."

"कोणाक?" रागावल्या की बाईंच्या तोंडी मालवणी यायची. "तेरा माळ्यांची लिफ्ट खोलतंस, तेव्हा भियणस नाय!"

"लग्न मोडलं असतं, मॅडम."

बाईंनी खडूचे हात पदराला पुसले. "हे गेले, त्याच वर्षी भाचीच्या बारशाला माझ्या आईनेच माझ्या हातातलं ताट काढून घेतलं," त्या म्हणाल्या. "मीही गप्प बसले. तुला काय बोलू? जा."

लग्नाची पत्रिका आली. पाठोपाठ गार्गीताईंचा फोन. "तुम्ही संध्याकाळी रिसेप्शनलाच या हं, निवांत."

बाई गेल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी रविवार होता आणि सकाळी, सुट्टीतही, वर्ग चालू होता. फळ्यावर त्यांनी काही लिहिलं नाही.

"कोणाकोणाच्या घरी आई, काकू, आजी विधवा आहे?"

वर्गात चुळबुळ झाली. हळूहळू अकरा हात वर आले. एकीने वर केलेला हात लगेच खाली घेतला.

"वर ठेव गं," बाई म्हणाल्या. "घरच्या कार्यात त्यांना कुठे बसवतात, कशाला हात लावू देत नाहीत, ते एकेकीने उभं राहून सांगायचं. नोकरी कशी मिळवायची ते मी नऊ वर्षं शिकवलं. हे शिकवायचं टाळलं."

आणि मुलींनी तोंड उघडण्याआधी त्या स्वतःच खुर्चीवरून उठल्या, सांगायला.