चौसष्ट यंत्रं आणि भरलेले हात

सूनबाईचं नि माझं चार दिवस बोलणं बंद होतं. मला न विचारता तिने माझं कपाट लावलं. तेव्हापासून निरोप मुलामार्फत चालायचे. "आईंना सांग, दूध तापवलंय." "तिला सांग, मला डोळे आहेत." मुलगा नुसता पोस्टमन झाला होता.

त्या दिवशी ती डबा विसरली. सून उपाशी राहिली तर नाव सासूचं खराब होतं, म्हणून मीच कामावर नेऊन दिला. तिथे तिच्या खोलीत मांडणीवर चौसष्ट बारके कॉम्प्युटर, तारांनी एकमेकांना जोडलेले. एक अवाढव्य गणित सगळ्यांनी वाटून घ्यायचं आणि शेजाऱ्याशी उत्तरांची अदलाबदल करायची. चार वाजता साहेब बघायला येणार होते. नाही चाललं तर खोली दुसऱ्याला, दोन वर्षांची मेहनत पाण्यात. आणि सगळी यंत्रं लाल दिवे लावून ढिम्म!

"लहान गणित पळतं, मोठं दिलं की अडतं," सूनबाई म्हणाली. मला नव्हे, भिंतीला.

मीही भिंतीलाच विचारलं, "थांबलीत कशाला?"

"शेजाऱ्याने उत्तर घ्यावं म्हणून. त्याने घेतल्याशिवाय हात मोकळे होत नाहीत."

"आणि शेजारी?"

"तोही द्यायलाच उभा."

"मग लहान गणित कसं चालतं?"

"लहान निरोप दारातल्या फळीवर ठेवून हात मोकळे करता येतात. मोठे तिथे मावत नाहीत."

मी चौथी शिकलेय, पण स्वयंपाकघर चाळीस वर्षं चालवलंय. न राहवून थेट तिलाच म्हटलं, "अगं, दोघी भरली पातेली घेऊन दारात समोरासमोर आल्या, तर एकीने आपलं खाली ठेवून दुसरीचं आधी घ्यावं लागतं. दोघीही 'आधी तू घे' म्हणत बसल्या तर घर उपाशी!"

ती गर्रकन कीबोर्डकडे वळली. मग बोटं धडाधडा चालली. "एक, तीन, पाच आधी घेतील. दोन, चार, सहा आधी देतील."

चारला दहा मिनिटं कमी असताना सगळे दिवे हिरवे झाले. साहेब आले, गणित पुरं होईस्तोवर उभे राहिले, "खोली तुमचीच," म्हणाले नि गेले.

घरी निघताना सूनबाईने विचारलं, "आई, आपल्या घरात पहिला नंबर कोणाचा?"

"हे काय विचारणं झालं? माझा!"

"मग एक नंबरने आधी घ्यायचं असतं."

सापडले! कपाटात वाळवी लागली होती म्हणे. घर येईपर्यंत तोंड मिटून तिचं सगळं ऐकून घेतलं.

मग माझा नंबर लागला. तो अजून चालू आहे.