कोरा फलक

नेरूळच्या शरयू सोसायटीत जगाची खबर टीव्हीच्याही आधी आपल्या फलकावर लागते, असं नंदकिशोर टेंबे छातीठोकपणे सांगायचे. खरं म्हणजे टीव्ही तोवर सगळं सांगून मोकळा झालेला असायचा. पण टीव्हीला टेंब्यांचं अक्षर कुठलं! कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढलेला हात तो. रिटायर झाल्यावर त्यांनी जिन्याखालचा काळा फळा ताब्यात घेतला आणि रोज सकाळी सातला चार बातम्या खडूने लिहायला लागले. एकतीस डिसेंबरला तर जगातल्या वर्षभराच्या दहा मोठ्या घटना, रंगीत खडूंनी.

नियम दोनच. खात्री नसेल ती बातमी लिहायची नाही. आणि सोसायटीत कुणी गेलं, तर त्या दिवशी फलक कोरा. नावबीव काही नाही. कुणाच्या घरी काय चाललंय, हे सगळ्यांना ठाऊकच असायचं.

दोन हजार अकरा साल सुरू झालं तेच धावत. ट्युनिशियाचा अध्यक्ष पळाला, इजिप्तचा गादीवरून उतरला, ख्राइस्टचर्च हादरलं, लिबिया पेटला. त्यात आपल्याकडे वर्ल्ड कप! टेंबे हात चोळत म्हणाले, "अगं, फेब्रुवारी संपायच्या आतच पाच घटना झाल्या. डिसेंबरला दहा निवडायच्या कशा?"

"जगाचं टेन्शन तुम्हालाच," सुनीतीबाई म्हणाल्या. "आधी दूध आणा."

मग अकरा मार्चच्या शुक्रवारी जपानला भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत शिरला. आणि टेंब्यांची एकुलती एक क्षिप्रा तिथेच, सेंदाईला शिकत होती.

शनिवारी टेंब्यांनी ती बातमी लिहिली. अक्षर बिघडलं नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पण क्षिप्राचा फोन लागेना. वकिलातीचा सतत एंगेज. सुनीतीबाई लँडलाइनजवळून हलायला तयार नव्हत्या. शुक्रवारपासून घरात गॅस पेटला तो फक्त चहापुरता. नागपूरला भारत मॅच हरला, तेव्हा अख्खी सोसायटी हळहळली. या घराला त्याचा पत्ताही नव्हता.

रविवारी सकाळी टेंब्यांनी ओल्या फडक्याने फळा पुसला आणि लिहिलं, ‘जपान : मृतांचा आकडा’. पुढे हात चालेना. त्या आकड्यात कोण कोण आहे, मला काय माहीत? मीच लिहायचा का तो? त्यांनी तेवढी ओळही पुसली आणि घरी येऊन खुर्चीत बसले. आपण काय करून ठेवलंय, हे त्या घटकेला त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

साडेआठला दारात चपलांचा ढीग पडायला लागला. सेक्रेटरी कमळाकर आले. टेंब्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मागून चौघेजण आले, माना खाली घालून. तळमजल्यावरच्या सुमित्राबाई मोठं पातेलं सांभाळत थेट स्वयंपाकघरात शिरल्या. नेरूळ गाव होतं तेव्हापासूनच्या त्या, गाववाल्या.

"गॅस पेटवू नको गो बाय," त्या रडत म्हणाल्या. "पिठलं-भात आनलाय मी."

सुतकाच्या घरात शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, हे काय सुनीतीबाईंना सांगायला हवं होतं?

"कोण गेलं, सुमित्राबाई?"

"आता काय बोलू? फला कोरा हाय खाली..."

सुनीतीबाई तशाच बाहेर आल्या. "अहो, तुम्हाला काही कळलंय? माझ्यापासून लपवताय?"

"नाही गं, शपथ! मला तो आकडा लिहवेना, म्हणून पुसलं." टेंबे कळवळून म्हणाले. "नियमाचं लक्षातच नाही आलं माझ्या."

"धन्य आहे तुमची! जगाच्या बातम्या देता, आणि घरात..." कमळाकरांना खांद्यावरचा हात काढावा की ठेवावा, ते समजेना.

आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आई, मी बरी आहे! शाळेत ठेवलंय आम्हाला. अंगावर ओरखडा नाही. मागे मोठी रांग आहे, दोनच मिनिटं बोलते."

सुनीतीबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "जेवलीस का?" एवढंच तोंडून निघालं.

"भाताचे गोळे देतात गं. तू काय केलंयस आज?"

सुनीतीबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "पिठलं-भात."

"अगंबाई! माझ्या वाटणीचं तू खा."

फोन ठेवला आणि घरात एकच कल्ला उठला. कमळाकर तर लहान मुलासारखे हुंदके देत होते. टेंबे देवाला हात जोडायचे सोडून फोनलाच जोडत होते. सुमित्राबाई मात्र जीभ चावून पातेलं उचलायला धावल्या. "अशुभाचं अन्न हाय ते. नालीत ओतते."

"खबरदार!" सुनीतीबाईंनी पातेल्यावर हात ठेवला. "पोरीने सांगितलंय मला खायला."

त्यांनी ताटं मांडली. दुखवट्याला आलेली सहा माणसं सकाळी नऊ वाजता पिठलं-भात जेवली. इतकं चवदार पिठलं आपण जन्मात खाल्लं नाही, असं टेंबे पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले.

जेवून ते खाली गेले. पहिली ओळ लिहिली : ‘क्षिप्रा टेंबे सुखरूप. खात्री केली आहे.’ मग त्याखाली तो आकडाही लिहिला, सावकाश, एकेक अंक नीट जपून. असा आकडा लिहायला इतका वेळ त्यांना पूर्वी कधीच लागला नव्हता.

एकतीस डिसेंबरला फलक रंगला. जपान, इजिप्त, लिबिया, आपण जिंकलेला वर्ल्ड कप. कमळाकरांनी बोट लावून मोजलं. "टेंबे, अकरा झाल्या. आणि ही पहिली जगातली घटना कशी?"

पहिली ओळ मार्चमधलीच होती : ‘क्षिप्रा टेंबे सुखरूप.’ सुट्टीत घरी आलेली क्षिप्रा बाजूला लाजून उभी होती.

"जगातली नाय तर कुठली?" सुमित्राबाई तिला जवळ ओढत म्हणाल्या. "पोर काय जगाच्या भायेर हाय?"