कमलबाईच्या गाण्याची सीडी

२००६ सालच्या दिवाळीनंतर भीमराजची सीडी गावात आली आणि पंधरा दिवसांत बुद्धविहाराच्या आसपासच्या घराघरांत वाजली. सेनगावच्या पुढं जीपनं अर्ध्या तासावरचं गाव. वस्तीत चाळीसेक घरं, त्यांतल्या नऊ घरांत डिस्क प्लेअर. ज्यांच्याकडं नव्हता ते शेजारच्या उंबऱ्यावर जाऊन बसत. वेष्टनावर भीमराज निळा कोट घालून उभा होता आणि मागं छापलं होतं, ‘गीत, संगीत, गायन : भीमराज’. त्यातलं चौथं गाणं लागलं की बाया हातातलं काम ठेवून टीव्हीकडं बघायच्या.

खडी फोडता फोडता अक्षर जोडलं गं,
बाबाच्या पोरीनं कुंपण तोडलं गं.

हे गाणं करुणाच्या आईचं होतं.

कमलबाईनं ते बांधलं तेव्हा करुणा दुसरीत होती. कमलबाई दिवसभर रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायची आणि संध्याकाळी लेकीची पाटी घेऊन स्वतः अक्षरं गिरवायची. हातोडीच्या ठोक्यावर ओळ सुचली, तिला दुसरी जोडली आणि महिनाभरात गाणं उभं राहिलं. नवऱ्याची गायन पार्टी होती. तो पेटी वाजवायचा, त्याचा चुलतभाऊ भीमराज ढोलकीवर. भीमराजला तालात बसायला कमलबाईनंच शिकवलं. पुढं नवरा वारला, पार्टी मोडली, भीमराज नांदेडला गेला आणि बघता बघता मोठा गायक झाला. कुणाला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. कमलबाईला तर अभिमानच होता.

पहिल्यांदा सीडी ऐकली तेव्हाही ती रागावली नाही. शेवटच्या कडव्यात तिनं ‘कमळ सांगे’ असं आपलं नाव गुंफलं होतं. भीमराजनं तिथं ‘भीमराज सांगे’ घातलं होतं, आणि ते तीन अक्षरांच्या जागेत मावत नव्हतं. ढोलकी तिथं ठेचकाळायची. कमलबाई नुसती हसली आणि म्हणाली, पायापेक्षा वहाण मोठी झाली लेकराला.

पण जानेवारीत तिचं हसू गेलं. गावातच एका घरी कुणी वारल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तिला गायला सांगितलं आणि तिनं हेच गाणं म्हटलं. ‘कमळ सांगे’ आलं तशा बाया एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. नवीन लग्न होऊन आलेली एक सून म्हणाली की दुसऱ्याचं गाणं म्हणावं, पण त्यात आपलं नाव घालू नये. जुन्या बायांना खरं ठाऊक होतं, पण त्यांतल्या अर्ध्या गेलेल्या आणि उरलेल्या गप्प बसलेल्या. विहार समितीचे अध्यक्ष जळबा आबा समोरच होते. करुणानं त्यांच्याकडं पाहिलं तर ते म्हणाले, “सीडीवर छापून आलंय, बाई. छापलेलं काय खोटं असतंय?”

त्या दिवसापासून कमलबाईनं गाणं सोडलं. भाकरी थापताना गुणगुणायची तेही बंद झालं. करुणाला घर एकदम मोठं आणि रिकामं वाटायला लागलं. आई भांडली असती, रडली असती तर तिला चाललं असतं. ही चूप तिला सोसवेना.

करुणा तेव्हा हिंगोलीत, स्टेशनच्या रस्त्याला उत्तमसिंगच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायची. मागच्या खोलीत इंटरनेटची चार मशीन होती. एका दुपारी तिला आठवलं, की चार वर्षांपूर्वी बायांच्या गाण्यांचा अभ्यास करणारी एक बाई कॅमेरा घेऊन हिंगोलीला आली होती. पार्टीतल्या उरल्यासुरल्यांना तिनं एका शाळेत गोळा केलं होतं, आई गायली होती, भीमराज खास नांदेडहून ढोलकी घेऊन आला होता. ते कुठंतरी असणारच. करुणानं आठ दिवस शोधलं. गावाचं नाव वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं, आईचं नाव लिहून पाहिलं. नवव्या दिवशी एका विद्यापीठाच्या पानावर काडेपेटीएवढ्या चौकटीत आई दिसली. खाली तारीख होती, मार्च २००३. पण दोन ओळी झाल्या की चित्र गोठायचं आणि गोल चक्र फिरत राहायचं.

उत्तमसिंगनं तिला एक छोटा प्रोग्रॅम दिला. त्यानं अख्खी फाईल उतरवून घेता येत होती. रविवारी क्लास बंद असायचा. करुणा सकाळच्या जीपनं आली, फाईल लावली, दोनदा लाइन तुटली, आणि दुपारी तीनला ती एकदाची पूर्ण उतरली. तेव्हा कुठं करुणाला कळलं की गाणं संपल्यावरही चार मिनिटं आहेत. कॅमेऱ्यामागून ती अभ्यासक बाई विचारत होती, हे गाणं कुणी रचलं? आणि आईच्या मागून ढोलकीवर हात ठेवून भीमराज सांगत होता.

करुणानं ते चारदा ऐकलं. मग फाईल सीडीवर भरली आणि धावत जाऊन जीप धरली.

घरी तिनं सीडी प्लेअरमध्ये घातली. प्लेअर घरघरला आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘नो डिस्क’. पुन्हा घातली, पुसून घातली. तेच. कमलबाई चुलीपासून बघत होती. करुणानं सीडी काढून परत पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी उत्तमसिंग हसला. म्हणाला, “घर का प्लेअर अनपढ होता है, बेटा. त्याला एकच लिपी येते. नेटवरची फाईल दुसऱ्या लिपीत असते. ती बदलून द्यावी लागते.” मग त्यानं तिला समजावलं, की एवढी तकलीफ घेण्यापेक्षा दोन-चार माणसांना इथंच आणून मशीनवर दाखव. करुणा म्हणाली, माझी आई भीमराजकाकाच्या सीडीनं खोटी पडली. ज्या टीव्हीवर, ज्या प्लेअरवर तो वाजला, त्याच्यावरच ती वाजली पाहिजे. कॉम्प्युटर गावात कुणी पाहिलेला नाही, त्यावर कोण विश्वास ठेवणार? उत्तमसिंगनं रविवारची किल्ली पुढं केली आणि तिच्याजवळच राहू दे म्हणाला.

पुढचे पाच रविवार तिनं त्या खोलीत काढले. फाईल बदलायला दोन-तीन तास लागायचे आणि लोडशेडिंग कधी मध्येच यायचं. बॅटरी वीस मिनिटं धरायची, मग सगळं पहिल्यापासून. एकदा जमलं तर घरच्या टीव्हीवर चित्र खालून वर पळायला लागलं, रंग उडालेले. दुसऱ्या देशाच्या टीव्हीचं माप निवडलं गेलं होतं. ते बदललं. मग चित्र थांबलं, रंग आले, प्लेअरनं सीडी ओळखली, आई पडद्यावर उभी राहिली. पण ओठ आधी हलत होते, आवाज मागून येत होता. पहिल्या कडव्याला थोडा मागं, शेवटच्या कडव्याला पार ओळभर मागं.

दाखवायचं म्हटलं असतं तर दाखवता आलं असतं. गाणं ऐकू येत होतं, माणसं ओळखू येत होती. पण वस्तीत पहिला माणूस काय म्हणेल ते तिला पाठ होतं. आवाज वरून चिकटवलाय म्हणेल. तिनं ती सीडी मोडून टाकली. पाचव्या रविवारी तिनं फाईलमधून आवाज वेगळा काढला, चित्र वेगळं बदलून घेतलं, एका सेकंदाला पंचवीस चित्रं बसवली आणि दोन्ही पुन्हा जोडले. ‘कमळ सांगे’ म्हणून आईचे ओठ मिटले, तेव्हाच आवाजही थांबला.

एव्हाना क्लासमधल्या पोरांच्या तोंडून बातमी नांदेडपर्यंत गेली होती. भीमराजचा उत्तमसिंगच्या क्लासमध्ये फोन आला. आवाज गोड होता. म्हणाला, काहून घरातलं धुणं चव्हाट्यावर धुऊन राहिलीस? पुढच्या सीडीत वैनीचा फोटो टाकतो, सहगायिका म्हणून नाव छापतो. करुणानं ते आईला जसंच्या तसं सांगितलं. कमलबाई तुरी पाखडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, “माझंच लुगडं मला आहेर म्हणून देऊन राहिला का तो? त्याला सांग, न्हाई पाहिजे.”

त्या महिन्यात तिच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

करुणा जळबा आबांकडं गेली आणि विहारात टीव्ही लावायची परवानगी मागितली. आबा वाईट माणूस नव्हते. पण जयंती आठवड्यावर आली होती, भीमराज पाहुणा म्हणून येणार होता, मंडपाचा लाउडस्पीकरही तोच पाठवणार होता. विहारात भांडण नको, म्हणाले. करुणा म्हणाली, “ठीक आहे आबा. माझ्या अंगणात तर लावू शकते ना?”

आठ एप्रिलला रविवार होता. चार वाजता लाइट आली. करुणानं बाजेवर टीव्ही ठेवला, खाली प्लेअर, आणि ऊन पडद्यावर पडू नये म्हणून वरून दोन गोधड्या बांधल्या. घरोघर जाऊन तिनं स्वतः सांगितलं होतं. लोक येतील का याची तिला खात्री नव्हती. पण आधी लेकरं आली, मग बाया, मग कुंपणापाशी पुरुष. ती हसणारी सूनही आली. सगळ्यांत शेवटी काठी टेकत जळबा आबा आले आणि कुणी जागा करून दिली तरी बसले नाहीत.

गाणं सुरू झालं. कमलबाई चार वर्षांनी तरुण होती आणि मागं ढोलकीवर भीमराज होता. शेवटचं कडवं झालं तसं प्रमोद पुढं आला. हा भीमराजचा भाचा, गावात त्याच्या सीड्या तोच विकायचा. तो म्हणाला की कॉम्प्युटरवर काहीही बनवता येतं, आवाज नंतर घातला असेल.

करुणा याच्याचसाठी पाच रविवार थांबली होती. तिनं बटण दाबून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. मग आईजवळ गेली.

“माय, म्हण.”

कमलबाईनं नाही म्हणून मान हलवली. मुक्या पडद्यावर तिचीच आकृती तोंड उघडून उभी होती. पहिली ओळ तशीच गेली. करुणा हात जोडून उभी राहिली. दुसऱ्या ओळीला कमलबाईनं पडद्याकडं पाहिलं आणि मांडीवर हातानं ठेका धरला. आवाज आधी खरखरला, तीन महिने पडून राहिलेला. मग सुटला. पडद्यावरचे ओठ आणि अंगणातला आवाज एकमेकांना कुठंच चुकले नाहीत. श्वासही तिथंच घेतला, जिथं पडद्यावरची कमलबाई घेत होती. ‘कमळ सांगे’ आलं तेव्हा बायांमधून कुणीतरी हुंदका दिला.

गाणं संपलं. करुणानं आवाज पुन्हा वाढवला. अभ्यासक बाईचा प्रश्न ऐकू आला, आणि मग भीमराज बोलला, हसऱ्या तोंडानं, एकेक शब्द स्वच्छ.

“गाणं वैनीचं हाय. शब्द बी तिचे, चाल बी तिची. मी आपला ढोलकीवाला.”

प्रमोद कधी निघून गेला ते कुणाला कळलं नाही. जळबा आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. कमलबाईकडं न बघता ते म्हणाले, “जयंतीला तू गायचं.” आणि गेले.

चौदा तारखेला मंडप भरला होता. पाहुण्यांच्या खुर्चीत भीमराज बसला होता, तोच निळा कोट. आबांनी माईक हातात घेतला. त्यांना सगळं सांभाळायचं होतं, पाहुणाही आणि घरचं माणूसही. ते म्हणाले की आता कमलबाई एक गीत सादर करतील, जे आपल्या भीमराजनं महाराष्ट्रभर गाजवलंय.

कमलबाई माईकसमोर उभी राहिली आणि गायलीच नाही. ढोलकीवाल्यानं दोनदा सुरुवात केली, तिनं हातानं थांबवलं. करुणा खाली पहिल्या रांगेत होती. तिला वाटलं आई घाबरली. तेवढ्यात माईकमधून शांत आवाज आला.

“आबा, बराबर सांगा. कुणाचं हाय ते.”

भीमराजनं खिशातून मोबाईल काढला, तो वाजत नव्हता तरी कानाला लावला आणि उठून कनातीच्या मागं गेला. आबांनी त्याची रिकामी खुर्ची पाहिली. मग ते म्हणाले, “गीत कमलबाईचं. शब्द आणि चाल कमलबाईची. गातील कमलबाई.”

मग ती गायली.

भीमराजच्या सीडीवरचं नाव काही बदललं नाही. करुणानं कंपनीला दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. कळमनुरीच्या बाजारात ती सीडी पुढं दोन वर्षं त्याच वेष्टनात विकली गेली. करुणानं आईच्या सीडीच्या आठ प्रती काढल्या आणि वस्तीत प्लेअर असलेल्या बाकीच्या आठ घरी नेऊन दिल्या. मग सेनगावहून मागणी आली, मग हिंगोलीहून, आणि ती काढत राहिली. कुणी म्हणालं की कोर्टात जा, कुणी म्हणालं की सोडून दे. कमलबाईनं दोन्ही ऐकलं नाही. ती बोलावतील तिथं जायला लागली, आणि प्रत्येक ठिकाणी गाण्याआधी माईकवर सांगायची, हे मी बांधलंय, रोजगार हमीच्या रस्त्यावर, माझं नाव कमलबाई. एकदा कुणीतरी तिला म्हणालं की हे आता सगळ्यांना माहीत आहे, दर वेळी कशाला सांगता. ती म्हणाली, भीमराजचं छापून झालंय ना, मग माझं बोलून होऊ द्या.