पाळीवरची छोटी लाईन

आईची बरशी, म्हणजे वर्षश्राद्ध, तोंडावर आली म्हणून नूतन नागपूरहून गावी आली, तेव्हा तिचे बाबा परसराम घरामागच्या वाडीत उकिडवे बसून लोखंडी पट्टीवर हातोडी मारत होते. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "वाडीत एक काम काढलं हाय, आलीस का पाहशील." जेवणावळीसाठी मांडव घालत असतील, असं तिला वाटलं होतं.

मांडव नव्हता. मागच्या दाराच्या पायरीपासून मातीची एक गुडघाभर उंच पाळ निघाली होती. विहिरीला वळसा घालून, पेरूच्या झाडाखालून, कुंपणाच्या कडेकडेनं फिरून ती पुन्हा पायरीकडंच येत होती. माथा तळहाताएवढा रुंद आणि चोपून गुळगुळीत केलेला. त्यावर आरामशीनवरून आणलेले सागाचे तुकडे ओळीनं आडवे बसवलेले, आणि तुकड्यांवर चार बोटांचं अंतर ठेवून दोन पट्ट्या.

"हे काय बाबा?"

"लाईन."

"कसली?"

"छोटी लाईन. दिसून नाही राहिली का? चष्मा त लावला हायेस."

नूतननं आधी वाडीच्या मधोमध पाहिलं. तिथं आईनं लावलेल्या कोचईचा, म्हणजे अळूचा, वाफा होता. पानं पिवळी पडून खाली झुकली होती, पण वाफा जसाच्या तसा होता. पाळ त्याच्या चारी बाजूंनी गेली होती, त्याला कुठंही शिवली नव्हती. मग तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

तो वाफा गाळाचा होता. दर वैशाखात गावतलाव आटला की परसराम बंडीभर गाळ आणायचे आणि गंगाबाई, नूतनची आई, तो हातानं फोडून वाफ्यात पसरायची. अशी कितीतरी वर्षं गेली आणि वाफा आजूबाजूच्या मुरमाड जमिनीपेक्षा हातभर उंच झाला. मागच्या कार्तिकात, कोचई खोदायच्या ऐन दिवसांत, गंगाबाईच्या छातीत कळ आली आणि गोंदियाच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. कोचई जमिनीतच राहिली. पाऊस पडल्यावर ती आपली आपण पुन्हा फुटली.

तेरवीच्या दिवशीच नूतननं सगळ्यांना बजावलं होतं, त्या वाफ्याला कोणी हात लावायचा नाही. बाकीचं तिच्या डोळ्यांदेखत निसटत गेलं होतं. लुगडी वाटली गेली. स्वयंपाकघरातले डबे काकूनं आपल्या सोयीनं लावले. रिचार्ज राहून गेला म्हणून आईचा नंबर बंद पडला आणि उन्हाळ्यात एकदा लावून पाहिला तर कोणी अनोळखी माणूस "हॅलो, कौन?" म्हणाला. आईच्या हातानं जसं ठेवलं तसंच राहिलेलं आता तेवढं एकच होतं.

परसराम रेल्वेत गेटमन होते. गोंदियाहून अर्जुनीकडं जाणारी लाईन तेव्हा छोटी, म्हणजे नॅरोगेज होती. गाडीही छोटी, आणि चाल अशी की फाटकाजवळच्या वळणावर माणूस उतरून चिंचा वेचून पुन्हा चढला असता. फाटकालगतच्या क्वार्टरमध्ये नूतनचं लहानपण गेलं. परसराम हिरवी झेंडी धरून उभे राहायचे, आणि त्यांच्या मागं गंगाबाई गाठोडं घेऊन. गाठोड्यात कोचईचे कांदे, वड्यांची पानं, कधी वाल. शेवटच्या डब्यातला गार्ड हात बाहेर काढून गाठोडं अलगद घ्यायचा आणि दोन स्टेशनं पुढं गंगाबाईची बहीण शामकला ते उतरवून घ्यायची. पुढं छोटी लाईन उखडली, मोठी आली. मोठी गाडी वळणावर हळू होत नव्हती. पहिल्या दिवशी गंगाबाई गाठोडं घेऊन उभी राहिली होती, आणि गाडी गेल्यावर पदर सावरून घरात आली होती. एवढंच नूतनला आठवत होतं.

"शामकला मावशी येणार हाय बरशीले," परसराम पट्टीवरची धूळ गमछ्यानं पुसत म्हणाले. "तिले दाखवतो."

"काय दाखवता?"

"गाडी."

गाडी ओसरीत फडक्याखाली होती. अर्जुनीच्या बकाराम मिस्त्रीनं बनवून दिलेली. पत्र्याचं इंजिन, त्यात जुन्या जीपच्या वायपरची मोटर आणि मोटारसायकलची बॅटरी. मागं तेलाचे डबे कापून केलेले मालगाडीच्या वाघिणींसारखे दोन उघडे डबे. इंजिनाला काळा रंग परसरामांनी स्वतः दिला होता. रंग थोडा त्यांच्या कोपरालाही होता.

संध्याकाळी उन्हं कलती झाली तेव्हा त्यांनी इंजिन पायरीजवळ रुळावर ठेवलं. शेजारच्या मंदाबाई कुंपणावरून वाकल्या.

"काय परसराम भाऊ, तिकीट केवढ्याचं हाय?"

"तुह्यासाठी मालडब्बा लावला हाय. बसून जाय."

"जातो ना! पण मले परत आणून सोडजा."

परसरामांनी बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं आणि निघालं. विहिरीशी झोकात वळलं. पेरूखालून गेलं तेव्हा दोन्ही डबे एकमेकांवर टकटक आपटत होते. कुंपणाच्या कडेनं तर ते धावलंच. नूतन नकळत दोन पावलं त्याच्याबरोबर चालली. आणि मग पायरीजवळ येऊन ते थांबलं. पाळ तिथं संपली होती. जिथून गाडी निघाली ती जागा समोरच होती, पण वीतभर वर.

"एवढा जोड राहिला हाय," परसराम म्हणाले. "शेवटची पट्टी वर चढवली का झालं."

त्यांनी पट्टी तिरपी टेकवली. इंजिन तिच्याशी येऊन घुरघुरलं. चाकं जागच्या जागी फिरली, मागं घसरली. त्यांनी रूळ पुसले. बॅटरीची वायर घट्ट केली. डबे सोडवले, नुसतं इंजिन लावलं. मग उलटं चालवून पाहिलं. थोडं वर जाऊन ते पेरूखाली अडलं.

"बकारामनं मोटर मरतुकडी देली," ते पुटपुटले.

"मोटरले कायले बोलता," मंदाबाई म्हणाल्या. "आली कशी मस्त धावत!"

नूतन पाळीकडं पाहत होती. पायरीजवळ गुडघ्याइतकी, विहिरीशी त्याहून कमी, कुंपणाच्या कडेला पोटरीच्या निम्म्यावर. कुठं खाच नाही, कुठं उंचवटा नाही. एकसारखी, सुबक उतरत गेलेली. तिला एकदम कळलं आणि बोलू नये असं वाटलं. पण बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन मोटर उघडायला बसले होते.

"बाबा, पाळीचा माथा तुम्ही कसा बघितलात?"

"कसा म्हणजे? माथ्यावर बोटभर चर ओढला अन् पाणी सोडलं. पूर्ण वाडी फिरून गेलं पाणी. कोठीच तुंबलं नाही."

बोलता बोलता त्यांचा हात थांबला. ते उठले, कमरेवर हात ठेवून पायरीपासून शेवटापर्यंत पाळीवर नजर फिरवून आले. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरात जन्मलेला माणूस. आज्यानं पाळी घातल्या, बापानं पाट काढले, ह्यांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर धानाच्या बांध्यांना पाणी लावलं. पाणी न तुंबता गेलं की काम चांगलं झालं, हे त्यांच्या हाडात होतं. आणि पाण्याला परत यायचं नसतं.

"पाट काढला म्या," ते म्हणाले.

मंदाबाईंना हसू फुटलं. "गाडीचा पाट! गंगा असती त पहिल्याच दिशी बोलली असती, भाऊ."

"बोलली असती," परसराम म्हणाले. "पहिलं ढेकूळ ठेवलं तवाच बोलली असती."

मंदाबाईंचं हसू मावळलं. "चुलीवर भात हाय माहा," असं म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसरामांनी दाराजवळचा मुरूम घमेल्यानं आणून पाळीच्या उतरत्या भागावर टाकला, पाणी शिंपडलं, चोपला. रूळ वर बसवले. इंजिन त्यावरून जाताच मुरूम दोन्ही अंगांनी भुरभुरत ढासळला आणि इंजिन कुशीवर पडलं. पाळीला चिकण गाळ लागतो. आधीचा सगळा त्यांनी उन्हाळ्यातच तलावातून आणला होता. आता तलाव काठोकाठ भरलेला. बांध्यांत धान उभं, कापणी सुरू व्हायची होती, तिथं कुदळ लावता येत नव्हती.

इंजिन उचलताना त्यांची नजर कोचईच्या वाफ्यावर गेली आणि तिथून लगेच हटली. नूतननं ते पाहिलं.

"त्याला हात लावायचा नाही, बाबा."

"म्या कोठी लावला?"

"सांगून ठेवते."

"ऐकलं म्या. बहिरा नाही झालो अजून."

तिचा आवाज चढला नव्हता, त्यांचाही नाही. ते पायरीवर बसले, थोडं पाणी प्यायले, आणि मग शेवटच्या टोकापासून एक एक पट्टी उचकटायला लागले.

"हे काऊन काढून राहिले तुम्ही?" मंदाबाईंनी कुंपणावरून विचारलं.

"वैशाखात पाहू. तलाव आटला का गाळ आणू."

"अन् शामकला?"

"तिले काय त्याचं! भात खाईन, जाईन."

नूतन आत गेली. बरशीसाठी तांदूळ निवडायला घेतले. हातोडीचा आवाज येत राहिला, पण ठोकण्याचा आणि उचकटण्याचा आवाज वेगळा असतो. तिनं ताट बाजूला सारलं आणि वाडीत आली. बाबांकडं न जाता ती वाफ्यापाशी जाऊन बसली.

"कोचई सडून जाईन वो बाई," मंदाबाई आता खालच्या आवाजात म्हणाल्या. "मांगच्या साली खोदली नाही, यंदाही नाही. एकावर एक फुटते मंग. तुही माय कार्तिकात एक कांदा जमिनीत ठेवत नव्हती. अर्धी बहिणीले, अर्धी मले, अन् बियाण्यापुरती फक्त ठेवे."

नूतननं एका झाडाच्या बुडाशी बोटं घातली. गाळ वरून तडकलेला होता, आत थंड आणि मऊ. तिनं ओढलं तर पानं नुसतीच हातात आली. मग दोन्ही हातांनी उकरलं. मधला जुना कांदा काळा पडून लिबलिबीत झाला होता. आईनं लावलेला तोच असावा. त्याला चिकटून सुपारीएवढे कितीतरी कांदे, एकमेकांत अडकून वेडेवाकडे झालेले, वाढायला जागा नसलेले. काळ्या कांद्याचा वास बोटांना लागला. ती बराच वेळ तो हातात धरून बसली. मग तिनं तो पेरूच्या बुंध्याशी पुरला आणि लहान कांदे पदरात घेतले.

शेजारचं झाड उपटलं. मग त्याच्या पलीकडचं. काही झाडांखालचे कांदे चांगले होते, मुठीएवढे. मातीचा एक ढीग साचत गेला.

उचकटण्याचा आवाज केव्हा थांबला, तिला कळलं नाही. परसराम हातोडी हातात घेऊन पाळीपलीकडं उभे होते.

"नूतन."

"काढलेल्या पट्ट्या परत बसवा, बाबा."

"काऊन?"

"गाळ हवा ना तुम्हाला?"

ते तिच्याकडं, मग ढिगाकडं पाहत राहिले. "तुले नको वाटत असन त राहू दे. मावशीले काय, ते—"

"गाडी लावा."

त्यांनी पट्ट्या परत ठोकल्या आणि इंजिन, डबे उचलून पायरीजवळच्या उंच टोकाला ठेवले. नूतननं ढिगातून ओंजळभर गाळ तिथं नेला, हातातल्या हातात फोडला, आई फोडायची तसा, आणि पहिल्या डब्यात टाकला. डबा जड होऊन रुळावर नीट बसला. मग दुसरा भरला. परसराम पाळीच्या खालच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी खांद्यावरचा गमछा काढला आणि उजव्या हातात लांब धरला.

"सोड," ते म्हणाले.

नूतननं बटण दाबलं. भरलेली गाडी रिकामीपेक्षा शांत चालत होती, टकटक नव्हती. विहीर, पेरू, कुंपण. उतार होता, म्हणून ती अडली नाही. परसरामांनी वाकून तिला थांबवलं, डबे उपडे केले आणि गाळ मुठीनं चोपला. मग अख्खी गाडी काखेत मारून तिच्याकडं परत आले. गुडघे दुखत असावेत, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"घमेल्यानं लवकर होईल, बाबा," दुसऱ्या खेपेला ती म्हणाली.

"होईन."

"आणू का?"

ते गाडीचं चाक अंगठ्यानं पुसत होते. "आण."

घमेलं तिथंच होतं, विहिरीच्या कठड्याला टेकलेलं. नूतननं त्याच्याकडं पाहिलं. मग खाली बसून पुन्हा ओंजळ भरली.

"गमछा नीट धरा बाबा," ती म्हणाली. "गाडी येऊन राहिली."

मंदाबाई कुंपणापाशी होत्या. नूतननं चांगले कांदे वेगळे काढून जुन्या फडक्यावर ठेवले होते, गाठ तेवढी मारायची होती. दुपार उतरेपर्यंत पाळीचं खालचं टोक चार बोटं वर आलं, आणि घमेलं कठड्याला तसंच टेकून होतं.