परका हात

“हाड कवाच जुळलंय हिचं. आता निस्ती नाटकं चाललीत,” मामा म्हणाले आणि ताटावर बसले.

मामा म्हणजे माझे सासरे, बापूसाहेब. आत्या म्हणजे सासूबाई, रतनबाई. गोठ्यात घसरून आत्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण डाव्या हाताची आग काही थांबेना. “हात परका झालाय गं. दुसऱ्या कुणाचा आणून लावल्यावानी,” असं त्या म्हणायच्या. अख्खं कासुर्डी गाव हसायचं. मला त्या हसणाऱ्यांचा असा राग यायचा!

कारण तो हात माझ्या ओळखीचा होता. मी घरून मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल लिहितात, त्यावरून आजाराचा कोड लावायचा, की तिकडचा विमा पुढे सरकतो. दुपारी शेतात मोटार घुमत असते, डोळे जड होतात आणि ती माणसं स्क्रीनमधून उठून आमच्या ओसरीवर येऊन बसतात. गोऱ्या बाया, एखादा म्हातारा ट्रकवाला, सगळे आपापला हात मांडीवर जपत. कुणाचा जळतो, कुणाचा गार पडतो, कुणाला तो आपला वाटतच नाही. या दुखण्याला नाव आहे. कोडही आहे, डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा. ओसरीच्या टोकाला आत्या बसलेल्या असतात, बिनकोडाच्या.

पण आमच्या कामात डॉक्टरनं लिहिलं नाही ते झालंच नाही. कोडरनं आजार ठरवायचा नाही, डॉक्टरला विचारायचं, तेही उत्तर न सुचवता. शिरूरला माहेरी असताना हे शिकले ते इतकं अंगात भिनलंय, की भाजीवालीलाही मी ‘ताजी आहे ना’ विचारत नाही, ‘कशी आहे’ विचारते.

शेवटी मी हट्टानं आत्यांना दौंडला नेलं, मामाही आले. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाड उत्तम जुळलंय, म्हणाले. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाव अगदी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. मी बोलले असते तर मामा म्हणाले असते, सुनेनं पढवलं. मग आत्यांचं दुखणं घरात कुणी कधीच खरं मानलं नसतं.

“डॉक्टर, दोन्ही हात शेजारी ठेवून बघता का? काय वाटतं तुम्हाला?” मी एवढंच विचारलं.

त्यांनी बघितलं. डावा सुजलेला, निळसर, ओलसर. त्यांनी कापूस अलगद टेकवला. आत्या ओरडल्या नाहीत, नुसतं पाणी ओघळलं डोळ्यांतून. हात कसा वाटतो, डॉक्टरांनी विचारलं. “परका,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं. दुखणं नसांचं आहे, उशीर झालाय, पूर्ण जाईल असं सांगत नाही, पण कमी करू, असं नीट समजावलं. आत्यांना ते नाव म्हणता येईना. त्यांनी मामांकडे वळून विचारलं, “म्हंजी हाय न्हवं खरं?”



परतीच्या एसटीत मामांनी आत्यांना बसवलं. डावा हात मधल्या वाटेच्या बाजूला येत होता. मागं एक जागा होती, पण मामा बसले नाहीत. पुढच्या-मागच्या सीटच्या दांड्या धरून त्या हाताला आडवे उभे राहिले. पाटसला पाट्या-पिशव्या घेतलेली गर्दी आत घुसली, त्यांच्या पाठीवर आदळत पुढे सरकली. त्यात मामांची टोपी पडली, कुणाच्या तरी पायाखाली गेली. लोक बोडक्या डोक्याकडे बघत होते. मामांनी दांड्या सोडल्या नाहीत.