तिसरी हाक

ऊन कललं तरी ठकुबाईची ओटी सारवून झाली नव्हती. हात शेणात, तोंड चालूच. ऐकायला पायरीवर एकटा वाल्मीक. तो शेलार गावात यंत्रमागावर कामाला. सुट्टीच्या दिवशी इथे दिघाशी गावात येऊन येशूची प्रार्थना घ्यायचा.

"काल पन हाक आली. 'ठके!' म्हनून. मला ठके म्हननारा एकच व्हता, लडकू."

नवरा जाऊन दोन पावसाळे झाले, पण बाईचा जीव काही इथे रमेना.

"ओ दिलीस?" वाल्मीकने विचारलं.

"न्हाय. मेलेलं मानूस तीनदा हाक मारीत न्हाय, म्हनून आपली लोकं तिसऱ्या हाकेलाच ओ देतात. आधी दिली तर संगं जावं लागतं. पन मला जायचंच हाय. आज पयल्या हाकेलाच देनार. तूच सांगतोस ना, सोर्गात रडनं न्हाय?"

वाल्मीक चपापला. "मावशे, प्रभू आपल्यासाठी सोर्ग सोडून खाली आला, नि तू खालचं टाकून वर निघालीस? भिंतीपल्याड तुळजाबाय दिवसभर एकटी पडलेली असते. तिचा पोरगा राकेश गोडाऊनला ड्युटीवर. तिला घोटभर पानी तरी दे."

"माझी जाऊ हाय ती, पन मधी भिंत तिनंच घातली! येशूची झालीस, माझ्या पान्याला शिवू नको म्हनली. आता अंगावरून वारं गेलं, वाचा गेली. मी काय करू?"

वाल्मीक उठून निघून गेला. ठकुबाई फणफणतच उरलेला कोपरा सारवू लागली. वारा पडला होता.

"ठके!"

तिनं सारवणं थांबवलं. डोळे मिटून ती मोठ्यानं म्हणाली, "ओ!" आणि वाट पाहत बसली. भीती वाटत होती, आनंदही होत होता.

"ठके!"

आवाज भिंतीपलीकडून येत होता. ओ दिल्यावर पुन्हा हाक कशाला?

"ठके!"

तिसरी. म्हणजे जित्या माणसाची! शेणाच्या हातानंच ती धावली.

तुळजा खाटेवरून खाली पडली होती. लुगडं भिजलेलं, ओठ सुकून फाटलेले. ठकुबाईचा राग कुठच्या कुठे गेला. तिनं हात धुतले, जावेला बसतं केलं, तिच्याच माठातलं पाणी पाजलं. तुळजा तिच्या हातून घटाघटा प्याली.

"बाय, तुला बोलता यायला लागलं? तूच हाक मारलीस ना?"

तुळजानं मान हलवली. नाही. धड असलेला हात उचलून तिनं ठकुबाईच्या पाठीमागे बोट दाखवलं. दाराकडे.

दारात कुणी नव्हतं. ठकुबाईनं बाहेरही डोकावून पाहिलं. मग भिजलेलं लुगडं सोडायला घेत, दाराकडे पाठ करून, नवऱ्यावर खेकसायची तशी म्हणाली,

"आयकलं. आता थांब तितंच. हिचं उरकल्याबिगर मी यायची न्हाय."