शपथ राहिली

पक्षाच्या कचेरीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ फिरली की स्टेपनी. तिला ते ठाऊक होतं. स्टेपनी म्हणजे गाडीबरोबर गावभर हिंडायचं, पण रस्त्याला कधी टेकायचं नाही.

निवडणूक आली की साहेब उमेदवारी अर्ज भरत. साहेब म्हणजे तिथले आमदार, इतकी वर्षं आमदार की ते वेगळं काही असू शकतील हे लोक विसरून गेले होते. काही खोट निघून त्यांचा अर्ज बाद झालाच तर पक्षाने तोंडघशी पडू नये, म्हणून त्यांच्या मागोमाग पक्षातर्फे आणखी एका माणसाचा अर्ज भरून ठेवत. त्याला म्हणायचं डमी. छाननीत साहेबांचा अर्ज टिकला की डमीचा आपोआप गळून पडायचा. हा डमी दर वेळी ताईच.

"पुरुषाला डमी केलं की त्याला आमदारकीची स्वप्नं पडायला लागतात," चिटणीस भर बैठकीत सांगायचे. "आमच्या ताईचं तसं नाही. उभं करा तिथे उभी, बसवा तिथे बसली."

सगळे हसत. ताईही हसायची, सगळ्यांत मोठ्यांदा. पुढे तिला स्वतःची लाज वाटायची ती या हसण्याची.

तिचं शिलाईचं दुकान बाजाराच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खिडकीतून खाली भाजी विकणाऱ्या बायका दिसत. उजाडायच्या आधी येणार, दिवे लागल्यावर जाणार, आणि अख्ख्या बाजारात बायकांसाठी एक संडास नाही. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होत. बायका दिवसभर पाणीच पीत नसत. कोपऱ्यात लिंबं विकणारी एक म्हातारी होती, तिला मुतखडा झालेला. ती वर बघून ओरडायची, "ताई, तुझ्या साहेबाला सांग, दगड माझ्या पोटातले घे, पण चार भिंती बांध!"

ताई सांगायची. साहेब मान हलवत. "विषय डोक्यात आहे माझ्या." साहेबांच्या डोक्यात इतके विषय होते की एकालाही बाहेर पडायला वाट मिळत नव्हती.

त्या वर्षी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मिरवणूक निघाली. ढोल, झेंडे, उघडा ट्रक, ट्रकवर साहेब. झेंडे ताईनेच शिवलेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या खोलीत साहेब आले ते कॅमेरेवाल्यांचं मोहोळ घेऊन. अर्ज अधिकाऱ्याच्या हातात देताना फोटो झाला, नीट आला नाही म्हणून पुन्हा झाला, आणि साहेब आले तसे वादळासारखे बाहेर. त्यांच्यामागे वकील, चिटणीस, सगळी वरात. खोली रिकामी झाली. मग ताईचा नंबर. सोबत तिची सून, सूचक म्हणून सही करायला आलेली. सून दवाखान्यात नर्स. कमी बोलणारी, पण बोलली की टोचणारी.

अर्ज दिला की उमेदवाराने अधिकाऱ्यासमोर शपथ वाचायची असते, मोठ्यांदा, स्वतःच्या तोंडाने. ते त्याच दिवशी राहिलं तर दुसऱ्या दिवशी छाननीत अर्ज बाद, मग उमेदवार कितीही मोठा असो. ताईला या सगळ्या नाटकात आवडायची ती एवढीच गोष्ट. 'मी' म्हणायचं आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव. एरवी ती कुणाची ताई, कुणाची आई, नवरा होता तोवर 'अगं ए'. शपथेपुरती ती तिची असायची.

तिने शपथ वाचली, खाली सही केली आणि कागद परत ठेवताना तिला दिसलं. साहेबांच्या शपथेचा कागद पेपरवेटखाली तसाच पडलेला. कोरा. वकिलाला वाटलं चिटणीसांनी करून घेतलं, चिटणीसांना वाटलं वकिलाने, आणि साहेबांना वाटलं फोटो झाला म्हणजे सगळं झालं.

सुनेने नाडी बघावी तसं तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेरच्या बाकावर आणून बसवलं.

"बघितलंत ना आई?"

"हो."

"मग आता बोलू नका. दार बंद होईपर्यंत इथेच बसायचं."

"अगं, पण..."

"पण काय? त्यांना शपथा देणं तुमचं काम आहे का? वकील ठेवलाय त्यांनी. उद्या त्यांचा अर्ज बाद, तुमचा मंजूर. चिन्ह तुम्हाला. सगळा पक्ष झक मारत तुमच्या मागे येईल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आमदारबाई आल्या. बाजारात संडास हवाय ना तुम्हाला? मग दुसऱ्याच्या डोक्यात कशाला ठेवता, स्वतःच्या हाताने बांधा की."

ताई बसली. खरंच बसली. आत शिपाई खिडक्या लावू लागला होता. बाहेर ढोल वाजत होते. तिने डोळे मिटले आणि स्वतःला ट्रकवर उभं केलं. खाली एवढी माणसं, सगळी मान वर करून तिच्याकडे बघतायत. आता बोला ताई. आता सांगा, काय करणार ते. शेजारी साहेब नाहीत, कुणीच नाही.

तिला दरदरून घाम फुटला.

ती उठली. सुनेच्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि धावत सुटली. गर्दीत घुसली, कोपराने माणसं बाजूला केली, एक चप्पल कुठेतरी निसटली, आणि ट्रकजवळ पोचून तिने साहेबांचा पायजमा धरून ओढला.

"साहेब, शपथ राहिली!"

साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी ट्रकवरून उडीच मारली. आत जाऊन धापा टाकत शपथ वाचली, सही केली, आणि बाहेर येऊन माईक हातात घेतला. "ही ताई आहे म्हणून मी आहे!" लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. ताई एका पायात चप्पल घालून उभी होती.

सुनेने दुसरी चप्पल शोधून आणली आणि तिच्या पायापाशी ठेवली. "आई," ती म्हणाली, "स्वतःसाठी एवढं धावताना तुम्हाला मी कधी बघितलं नाही." आणि ड्यूटीला निघून गेली. त्यानंतर घरात तिने राजकारणाचा शब्द काढला नाही.

साहेब निवडून आले. संडास आला नाही. एका संध्याकाळी सून ड्यूटीवरून आली, हातपाय धुतले आणि जेवता जेवता म्हणाली, "तुमच्या दगडवाल्या आजी आल्यात आमच्या वॉर्डात. किडनी गेली. आता बाजारात बसणं होणार नाही." ताईने ताट पुढे सरकवलं. कोपऱ्यातली जागा एका तरुण बाईने घेतली. तीही पाणी पीत नाही.

पुढची निवडणूक लागली. ताई सवयीने आपली कागदपत्रं घेऊन कचेरीत गेली. चिटणीस पंख्याकडे बघत म्हणाले, "या वेळी डमी वहिनी. साहेबांच्या घरातून."

"माझं काय चुकलं?"

"राग मानू नका, ताई. साहेब म्हणतात, त्या दिवशी ताई बोलली म्हणून वाचलो. पण नसती बोलली तर? तेव्हापासून त्यांची झोप उडालीय बघा."

"पण मी बोलले ना!"

"तेच तर. तुम्हाला समजतं, हे त्यांना समजलं."

ती जिना उतरली. त्या दिवशी ती गप्प बसली असती तर आमदार झाली असती. काही दिसलंच नसतं तर निदान डमी राहिली असती. बघितलं आणि मालकाला नेऊन दिलं, म्हणून आता डमीही नाही. या कचेऱ्यांत इमानी बाईचा एवढाच भाव असतो. आणि ती धावली ते काही इमानाने नव्हे. इतकी वर्षं तिने त्याला निष्ठा म्हटलं, लोकांनीही म्हटलं. ती भीती होती. खुर्ची रिकामी दिसली आणि ती घाबरून, जो रोज तिच्यावर बसतो त्याला बोलवायला धावली.

आठवडाभरात साहेबांची बायको दुकानात आली. अर्ज भरायच्या दिवशी घालायला पक्षाच्या रंगाचं जाकीट हवं होतं.

"ताई, तुम्हाला सगळी माहिती आहे. तिथे मला काय काय करावं लागेल हो? हे म्हणाले, नुसती सही कर आणि घरी ये."

ताईने टेप तिच्या खांद्यांवर ठेवली. "शपथ वाचावी लागते. मोठ्यांदा. स्वतःचं नाव घेऊन."

"अगं बाई! एवढ्या लोकांत?"

"लोक नसतात. एक अधिकारी असतो फक्त." ताईचे हात थांबले. मागे दाराशी सून डबा घेऊन उभी होती, हे तिला माहीत होतं. "वहिनी, एक सांगते. तिथे साहेबांचं काही राहिलेलं दिसलं ना..."

"तर?"

"तर गप्प बसा. दार बंद होईपर्यंत."

वहिनी वळून तिच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, मोठ्यांदा, अगदी मोठ्यांदा. "काहीतरीच बाई तुमचं! मला जमणार आहे का ते? लोक काय म्हणतील?"

ताईला ते हसणं ओळखीचं वाटलं. सुनेने आत येऊन डबा मशीनवर ठेवला आणि तिच्या हातातून घसरलेली टेप उचलून दिली.

"सरळ उभ्या राहा," ताई वहिनींना म्हणाली. खांद्याचं माप पुन्हा घ्यावं लागणार होतं.